हरीण मारलं, मटण वाटलं: दंड भरून मिटेल का?

गेवराई तालुक्यातल्या एका शेतकरी काकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुतण्या बावीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. गावातल्या तिघांबरोबर तो रात्री माळावर गेला. बॅटरीच्या झोतात त्यांनी एक काळवीट मारलं, तिथंच कापलं आणि मटण वाटून घेतलं. पहाटे वनखात्याच्या लोकांनी चौघांना गाठलं. मटण, सत्तूर, तारेचे फासे आणि दोन मोटारसायकली जप्त झाल्या. पुतण्या म्हणतो, ‘मी फक्त गाडी चालवत होतो.’ काकांना हवं आहे ते असं: शिक्षा किती, दंड भरून सुटेल का, गाडी परत मिळेल का. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय की ही हरणं आमचा हरभरा रातोरात साफ करतात, त्याचं कुणी बघत नाही.

काका, मी फौजदारी वकिली करतो आणि अशी प्रकरणं दोन्ही बाजूंनी जवळून पाहिली आहेत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही लिहीत नाही. हे प्रकरण दंड भरून मिटणारं नाही. गुन्हा सिद्ध झाला तर कायद्याने ठरवलेली कमीत कमी शिक्षा ३ वर्षं कैद आहे, जास्तीत जास्त ७ वर्षं. दंड या कैदेच्या जोडीला असतो, तिच्या बदल्यात नसतो, आणि तोही २५ हजार रुपयांपेक्षा कमी नाही.

आधी जनावर कुठलं हे पक्कं बघा, कारण सगळी शिक्षा त्यावर ठरते. आपल्याकडे माळावर कळपाने दिसणाऱ्या सगळ्यांना लोक हरीण म्हणतात. बीड, धाराशिव, लातूर, परभणीकडच्या माळरानांवर आणि गायरानांवर दिसतं ते बहुतेक वेळा काळवीट असतं, कुठं कुठं चिंकारा. हे दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, म्हणजे वाघ आणि बिबट्याच्याच यादीत. चितळ परिशिष्ट २ मध्ये येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा परिशिष्टांची चार झाली. त्यामुळे मोबाईलवर फिरणारे परिशिष्ट ३, परिशिष्ट ४ असे जुने तक्ते बघून ‘आपलं कलम हलकं आहे’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. १ एप्रिल २०२३ नंतरच्या घटनेला नवा कायदाच लागतो.

परिशिष्ट १ चा प्राणी असेल तर कलम ५१ खाली वर सांगितलेली ३ ते ७ वर्षं. परिशिष्ट २ मधला प्राणी असेल आणि शिकार अभयारण्याबाहेर झाली असेल, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तीच शिकार अभयारण्याच्या हद्दीत झाली, तर प्राणी परिशिष्ट २ मधला असला तरी पुन्हा किमान ३ वर्षं लागतात. पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य, धाराशिवकडचं येडशी रामलिंग घाट, कन्नडचं गौताळा, पैठणचं जायकवाडी, किनवटकडचं पैनगंगा, या सगळ्या हद्दींना हा नियम लागतो. हद्दीचा दगड दिसला नाही हा बचाव कोर्टात फारसा टिकत नाही. आणि एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा अशाच गंभीर गुन्ह्यात सापडला, तर दंडच कमीत कमी १ लाख होतो.

तुमच्या पत्रात सलमान खानचं उदाहरण आहे, ‘एवढा मोठा माणूस, त्याला काय झालं?’ जोधपूरजवळच्या कांकाणी गावातली काळवीट शिकारीची ती घटना १९९८ ची आहे. ५ एप्रिल २०१८ रोजी न्यायालयाने त्याला ५ वर्षं कैद आणि १० हजार रुपये दंड सुनावला, नंतर जामीन झाला आणि प्रकरण अपिलात गेलं. लोक एवढंच लक्षात ठेवतात की तो बाहेर आहे. १९९८ मध्ये या गुन्ह्याला किमान शिक्षा १ वर्ष होती आणि कमाल ६ वर्षं. १ एप्रिल २००३ पासून ती ३ ते ७ वर्षं झाली. म्हणजे आज तुमच्या पुतण्यासमोर जो कायदा आहे, तो त्या खटल्यातल्या कायद्यापेक्षा कडक आहे. आणि वीस वर्षं चाललेला खटला झेपायला पैसा लागतो, जो तुमच्या घरात नाही.

आता ‘फक्त गाडी चालवत होतो’. कायद्यात शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे किंवा सापळा लावणं, हाकारून नेणं, आमिष टाकणं, मागं कुत्री सोडणं, हे सगळं शिकारीत येतं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्नसुद्धा येतो. फास लावला आणि काहीच अडकलं नाही, तरी गुन्हा पूर्ण. लातूर-उदगीर पट्ट्यात कारवानी कुत्री अभिमानाने पाळतात. कुत्रं पाळण्यात काहीच वावगं नाही, पण ते सशामागं किंवा पाडसामागं सोडलं की मालक शिकारी ठरतो. गाडी चालवणं म्हणजे मदत, आणि कलम ५२ प्रमाणे मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. वर चौघांचा समान उद्देश होता असं सरकारी पक्ष म्हणणारच. तुमच्या पुतण्याला खरोखर माहीत नव्हतं, कुणी त्याला ‘चल, शेतात पाणी द्यायचंय’ म्हणून नेलं असेल, तर तो मुद्दा आहे. पण त्याच्या घरातून मटणाचा वाटा सापडला असेल तर त्या मुद्द्यात फार जीव उरत नाही.

मटणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथं सबंध गाव अडकतं. या कायद्यात मांस म्हणजे कच्चं आणि शिजवलेलं दोन्ही. रक्त, हाडं, चरबीसुद्धा त्यात धरतात. ज्याच्या घरी वाटा गेला, ज्याने विकत घेतला, ज्याने ढाब्यावर ‘रानातलं’ म्हणून शिजवून वाढला, तो प्रत्येकजण आरोपी होऊ शकतो. साधारण फौजदारी खटल्यात सगळं सरकारने सिद्ध करायचं असतं. इथं कलम ५७ मुळे उलटं होतं: ताब्यात मांस, कातडी किंवा शिंगं सापडली की ती बेकायदा नाहीत हे ताबेदारालाच दाखवावं लागतं. ‘शेजाऱ्याने पातेलं ठेवायला दिलं’ असं सांगणारी माणसं मी बघितली आहेत. त्यातली काही खरं बोलत होती, आणि तरीही त्यांना जामिनासाठी धावाधाव करावी लागली. गाडीच्या धडकेने मेलेलं हरीण उचलून नेणं हाही गुन्हाच, कारण मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असते. असं काही आपल्या हाती आलं तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. जुन्या वाड्यांत भिंतीवर शिंगं आहेत, निजामाच्या काळातली. त्यांचं मालकी प्रमाणपत्र नसेल तर तीसुद्धा अडचणीची आहेत. विकायचा विचार तर मनातही आणू नका.

दंड भरून मिटवणं, ज्याला तडजोड म्हणतात, ते कलम ५४ मध्ये आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तडजोडीची रक्कम ५ लाखांपर्यंत जाऊ शकते. पण ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरवलेली आहे त्याची तडजोड होतच नाही. काळविटाच्या प्रकरणात म्हणूनच ती वाट बंद आहे. तुम्हाला जर कुणी मध्यस्थ ‘साहेबांशी बोलतो, एवढे द्या’ म्हणत असेल, तर तो तुमचे पैसे खाणार आहे, वर लाच देण्याचा दुसरा गुन्हा तुमच्या नावावर लागेल. परिशिष्ट २ च्या, अभयारण्याबाहेरच्या प्रकरणात तडजोड होऊ शकते, पण तीही अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून, पावती घेऊन.

पुढे काय होईल ते सांगतो. वनखातं आधी वनगुन्हा नोंदवतं. साहाय्यक वनसंरक्षक दर्जाचा अधिकृत अधिकारी कलम ५०(८) खाली जबाब घेऊ शकतो, आणि आरोपीसमोर घेतलेला असा पुरावा पुढे खटल्यात चालतो. पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेच इथंही चालेल असं पोरं समजतात. वनाधिकारी पोलीस नाहीत. पुतण्याला सांगा, खोटं बोलू नको, पण वकिलाशी बोलल्याशिवाय न वाचता सहीही करू नको. मांसाचे नमुने डीएनए तपासणीला जातात, आपल्याकडून बहुतेक हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी प्रयोगशाळेकडे. अहवालात ‘काळवीट’ आलं की प्राण्याबद्दलचा वाद संपतो. अहवाल यायला वेळ लागतो आणि तोवर आरोपीला वाटतं प्रकरण थंड पडलं. ७ वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला कोर्टात जाण्याची मुदत संपण्याचा नियम लागत नाही, तेव्हा थंड पडणं म्हणजे सुटणं नव्हे.

हा गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. पहिलाच गुन्हा, कोवळं वय, तपासाला सहकार्य, हत्यार दुसऱ्याकडून जप्त, असं असेल तर मिळण्याची शक्यता चांगली असते. आधी याच कायद्याखाली शिक्षा झालेला माणूस असेल तर कलम ५१अ मुळे जामीन फार अवघड होतो. गुन्हेगार परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत अभयारण्यातल्या शिकारीला थेट नाकारलेली आहे. बाहेरच्या शिकारीत तसा अर्ज करता येतो, पण किमान शिक्षा समोर असताना न्यायालयं हात आखडता घेतात. त्या भरवशावर राहू नका.

खटला साधारण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. त्यांना ३ वर्षांपर्यंतच कैद सुनावता येते. त्याहून मोठी शिक्षा योग्य वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथं ७ वर्षांपर्यंत जाता येतं. शिकारीला गावठी बंदूक वापरली असेल तर शस्त्र कायदा वेगळा लागतो. विनापरवाना बंदुकीला तिथं किमान २ वर्षं आहेत. परवान्याची बंदूक असेल तर न्यायालय परवाना रद्द करू शकतं आणि दोषी ठरल्यापासून ५ वर्षं नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. रानडुकरासाठी पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवायची पद्धत काही भागांत आहे. तिथं स्फोटक पदार्थ कायदा, १९०८ येतो, आणि तो गोळा कधी गाईच्या तोंडात फुटतो, कधी पोराच्या हातात.

मोटारसायकलींचं असं: गुन्ह्यात वापरलेलं वाहन कायद्याने सरकारजमा होऊ शकतं. पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसत्या जप्तीने गाडी सरकारची होत नाही. गुन्ह्यात वापर झाला हे ठरेपर्यंत न्यायदंडाधिकारी ती हमीपत्रावर तात्पुरती परत देऊ शकतात. गाडी तुमच्या नावावर असेल आणि तुम्हाला काहीच माहीत नसेल तर कागदपत्रं घेऊन तसा अर्ज जरूर करा. ती विकू नका, रंग बदलू नका.

आता हरभऱ्याचं. तुमचा राग मला समजतो. कोरडवाहू जमीन, एक पीक, आणि पेरलेलं उगवून आलं की वीस-पंचवीसचा कळप रात्रीतून ते खुडून जातो. हे नुकसान खरं आहे आणि ते सोसणाऱ्याला कायद्याची भाषा निष्ठुर वाटते. तरी हे समजून घ्या की काळवीट पीक खातं हे त्याला मारण्याचं कारण कायद्यात नाही. परिशिष्ट १ च्या प्राण्याला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या बाबतीत राज्याने २०१५ मध्ये वनक्षेत्रपालांमार्फत परवान्याची सोय केली आहे. तिथं रीतसर अर्ज करा. प्राणी अंगावर आला आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना प्रामाणिकपणे मारला गेला तर तो गुन्हा धरत नाहीत, पण मग ताबडतोब कळवायचं आणि देहाला हात लावायचा नाही.

नुकसान झालं की पहिल्या दिवशीच पिकाचे फोटो काढा, तिसरा दिवस उलटायच्या आत वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. वनपाल, तलाठी आणि कृषी सहाय्यक यांचा एकत्र पंचनामा होतो, त्यावर भरपाई ठरते. रक्कम पुरत नाही, उशिरा येते, हे मला मान्य आहे, आणि यासाठी गावाने ग्रामसभेत ठराव करून भांडलं पाहिजे. मी त्या भांडणात तुमच्या बाजूला उभा राहीन. पण कुंपणात वीज सोडू नका. माळावर सोडलेल्या करंटने शेजारचा गडी, स्वतःचा बैल, पाण्याच्या पाळीला निघालेला बाप गेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं, वर वीजचोरीचा गुन्हा.

उन्हाळ्यात पाणवठे आटले की हरणं गावाजवळ येतात, विहिरीत पडतात, कुत्री त्यांना घेरतात. तेव्हा १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. ज्वारीत एकटं पडलेलं पाडस दिसलं तर उचलू नका. मादी त्याला लपवून चरायला जाते आणि परत येते. माया म्हणून घरी नेऊन बाटलीने दूध पाजणारी माणसं मी बघितली आहेत. पाडस बहुतेक वेळा जगत नाही, आणि बाळगणाऱ्यावर पकडल्याचा गुन्हा होतो.

अजून एक, आणि हे मी मुद्दाम लिहितो. शिकारीची बातमी आली की गावात पहिलं बोट पारधी वस्तीकडे जातं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी संशय मात्र गेला नाही. तुमच्या प्रकरणातले चौघे कोण आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या कुणी वकील किंवा पुढारी ‘फासे पारध्यांचे होते असं सांगू’ असं सुचवेल. ते करू नका. खोटं आहे म्हणून तर नकोच, शिवाय एका निरपराध कुटुंबाची पुढची कितीतरी वर्षं त्यात जातील.

पोलीस भरतीबद्दल. खटला चालू असल्याची माहिती चारित्र्य पडताळणीच्या अर्जात विचारतात, आणि ती लपवणं हेच निवडीतून बाद व्हायला पुरेसं कारण ठरतं. पुतण्याने ती खरी लिहावी. निर्दोष सुटला तरी नियुक्ती करणारं खातं प्रकरण कसं होतं ते बघतं. शिक्षा झाली तर खाकीचं स्वप्न तिथंच संपतं. म्हणूनच सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे आहेत: फरार होऊ नये, मोबाईलमधले फोटो आणि व्हिडिओ पुसू नयेत (ते परत काढता येतात आणि पुसल्याचाच वेगळा पुरावा होतो), आणि पंचांना भेटायला घरातलं कुणीही जाऊ नये.

वकिलाची फी परवडत नसेल तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना अटकेचा कागद, जप्ती पंचनाम्याची प्रत आणि गाडीचं आरसी बुक घेऊन जा. पंचनाम्यात प्राण्याचं नाव काय लिहिलंय, मटण नेमकं कुणाच्या ताब्यातून दाखवलंय आणि पुतण्याची सही कुठल्या कागदावर आहे, या तीन गोष्टी वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. जामिनाचा अर्ज त्यावरच उभा राहील.